गळाची काडी जवळजवळ बुडालेली का ठेवतात?

पंचगंगेच्या घाटावर किंवा रंकाळ्याच्या काठी गळ टाकून बसलेली माणसे तुम्ही पाहिली असतील. त्यांची नजर माशावर नसते, कारण मासा दिसतच नाही. नजर असते ती दोरीला अडकवलेल्या, पाण्यावर तरंगणाऱ्या तुकड्यावर. कोणी बुचाचा गोळा लावतो, कोणी जोंधळ्याच्या ताटाची किंवा मोरपिसाच्या देठाची काडी. सराईत माणूस काडी पसंत करतो आणि तिच्याखाली दोरीवर शिशाचे छर्रे असे बेताने लावतो, की काडीचे नुसते टोक पाण्याबाहेर राहावे. आणखी एक छर्रा लावला तर काडी बुडेलच!

हा खटाटोप कशासाठी? आर्किमिडीजचे तत्त्व आठवा. तरंगणारी वस्तू स्वतःच्या वजनाइतके पाणी बाजूला सारते. समजा, माशाने आमिष हळूच ओढले आणि ते बल ०.२ ग्रॅम वजनाइतके, म्हणजे तांदळाच्या दहा दाण्यांइतके आहे. आता वस्तूला ०.२ घन सेंमी पाणी अधिक सारावे लागेल. काडीची जाडी ३ मिमी असेल तर तिच्या छेदाचे क्षेत्रफळ ०.०७ चौ. सेंमी येते. म्हणून ती जवळजवळ ३ सेंमी खाली जाईल. ३ सेंमी व्यासाचा, अर्धा बुडालेला बुचाचा गोळा घ्या. पाण्याच्या पातळीवर त्याचे क्षेत्रफळ ७ चौ. सेंमी आहे. तो खाली जाईल फक्त पाव मिलिमीटरच्या आसपास. हे काठावरून कोणाला दिसणार? दूधसंस्थेतल्या दुग्धतामापीची मान बारीक असते ती याच कारणाने.

आता फोंडा घाट उतरून मालवणकडे चला. तिथल्या खडकांच्या आसपास पालू मासा फिरतो. त्याचे दात शिंपले फोडण्याइतके भक्कम, पण आमिष मात्र तो चोखंदळपणे चाचपून पाहतो. म्हणजे इथेही काडीच हवी. शिवाय तिचा आणखी एक गुण इथे कामाला येतो. शिशासह ६ ग्रॅम वजनाची आपली काडी दाबून सोडली तर एका हेलकाव्याला तिला सुमारे २ सेकंद लागतात. बुचाला सेकंदाचा चौथा-पाचवा भाग पुरतो. त्यामुळे वाऱ्याने उठलेल्या बारीक लहरींवर बूच नाचत राहते, काडी स्थिर उभी राहते. मोठ्या संथ लाटेवर मात्र दोघेही वरखाली होतात. (आणि लाट मोठी असेल तर खडकाच्या कडेला उभे राहू नये. तिथे प्लावक बल तुमच्या मदतीला येईल अशी आशा करू नका!)

पण रंकाळ्यावर अचूक जमवलेली काडी समुद्रात टाकून पाहा. ती ताठ वर येईल. खाऱ्या पाण्याची घनता सुमारे १.०२५ असते. ६ ग्रॅमला आता ६ ऐवजी ५.८५ घन सेंमी पाणीच सारावे लागते. फरक जेमतेम ०.१५ घन सेंमी, पण बारीक काडीवर तो २ सेंमी दिसतो. घरी करून पाहायचे असेल तर शीतपेयाच्या नळीचे एक टोक मेणाने बंद करा, आत थोडी वाळू घाला आणि ती साध्या पाण्यात जेमतेम तरंगू द्या. मग लिटरभर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवून तीच नळी त्यात सोडा.

शिशाबद्दल मात्र सांगायलाच हवे. फटीचा छर्रा दोरीवर दातांनी दाबून बसवण्याची अनेकांना सवय असते. ती वाईट आहे. शिसे शरीरात साठते, आणि मुलांच्या मेंदूला त्याचा अपाय अधिक होतो. पाण्यात पडून राहिलेले छर्रेही निरुपद्रवी नसतात. पाणपक्षी अन्न दळण्यासाठी खडे गिळतात, त्यांत छर्रेही जातात. इंग्लंडमध्ये असे कितीतरी हंस विषबाधेने मेले, तेव्हा १९८७ पासून तिथे लहान शिशाच्या वजनांची विक्री बंद झाली. पाणपक्षी तर आपल्या रंकाळ्यावरही येतात.

शिशाऐवजी लोखंडाचा तुकडा चालेल. पण १ ग्रॅम शिशाच्या जागी लोखंड नेमके किती लागेल? १ ग्रॅम म्हणाल तर चुकाल, कारण पाण्यात दोघांचे वजन सारखे घटत नाही. शिशाची घनता ११.३ आणि लोखंडाची ७.८ धरून उत्तर काढा.