पालकसभेचा पाहुणा

शाळेच्या पालकसभेस एखादा पाहुणा वक्ता बोलाविण्याची चाल आता सर्वत्र रूढ झाली आहे; परंतु तो कसा निवडावा याचा विचार क्वचितच होतो. मंडळातील कोणाच्या तरी ओळखीचा एखादा नामांकित गृहस्थ मिळतो, ‘आजचा पालक व त्याची कर्तव्ये’ असा ऐसपैस विषय ठरतो, हार-नारळ-आभार यथासांग पार पडतात. आणि घरी परतलेल्या सुनेस सासूबाईंनी ‘काय सांगितलं गं सभेत?’ असे विचारले, तर तिला सांगण्याजोगे एकही वाक्य आठवत नाही. हा दोष वक्त्याचा म्हणता येत नाही. त्यास कोणी प्रश्नच दिलेला नसतो.

पालकांनीही शिकावे ही कल्पना आपल्याकडे नवी नव्हे. १९२० साली भावनगरास बालमंदिर काढणारे गिजुभाई बधेका व त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी मुलांइतकेच आईबापांच्या शिक्षणाकडे लक्ष पुरविले. पुढे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सरकारी शाळांच्या व्यवस्थापन समितीत निदान तीन-चतुर्थांश सभासद पालकच असावेत, असे ठरविले. पालकांच्या हाती अधिकार आला. तेव्हा सभेचा वेळ सत्कारण लावण्याची जबाबदारीही त्यांच्याचकडे आली.

याकरिता पहिला नियम असा, की आधी प्रश्न शोधावा, मग माणूस. सभेपूर्वी पंधरा दिवस शाळेच्या दाराशी एक पेटी ठेवावी व निनावी चिठ्ठ्या मागवाव्यात. चारचौघांत ज्याचा उच्चार करण्यास संकोच वाटतो, तेच बहुधा चिठ्ठीत उतरते. एकच काळजी पाच-दहा चिठ्ठ्यांतून डोकावू लागली, की विषय सापडला असे समजावे.

विषय हाती आला, की वक्ता फार दूर नसतो. मुलांचे चष्मे वाढत आहेत अशी चिंता असेल, तर गावातील नेत्रवैद्यास बोलवावे. दिवसाउजेडी मोकळ्यावर घालविलेल्या वेळाने लघुदृष्टीस आळा बसतो, हे त्याच्या तोंडून ऐकल्यावर संध्याकाळची शिकवणी की आजोबांबरोबरचा फेरफटका, हा वाद घरोघरी निराळ्या रीतीने सुटेल. दहावीतला मुलगा दुचाकी मागतो अशी तक्रार असेल, तर परिवहन खात्यातील अधिकारी बोलवावा. अज्ञान मुलाच्या हातून वाहनाने गुन्हा घडल्यास २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे पालकास अथवा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो आणि त्या मुलास पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. गाडी आजोबांच्या नावावर असेल, तर ही गोष्ट आजोबांनीच ऐकावयास हवी.

काही विषय कटू असतात. परंतु तेच अधिक निकडीचे. बालकांवरील लैंगिक अत्याचाराबाबतचा २०१२ चा कायदा समजावून सांगण्यास एखाद्या वकीलभगिनीस वा बालरोगतज्ज्ञास पाचारण करावे. असा प्रकार कळल्यावर तो पोलिसांस कळविणे कायद्याने बंधनकारक आहे. ‘घराची अब्रू’ म्हणून तो झाकून ठेवणे हा गुन्हा ठरतो. मोठ्या कुटुंबात नात्यागोत्याचा राबता अधिक, म्हणून मूल काही सांगू लागले तर त्याचे शांतपणे ऐकून घेण्याची शिकवण येथेच अधिक हवी. मुलांसाठीचा १०९८ हा मदतीचा क्रमांक त्या दिवशी प्रत्येकाने लिहून न्यावा.

वक्त्यास धाडावयाच्या पत्रात मुलांची वये, अपेक्षित श्रोते व चिठ्ठ्यांतील निवडक तीन प्रश्न लिहावेत. चाळीस मिनिटे भाषण व वीस मिनिटे प्रश्नोत्तरे, असा वेळही स्पष्ट कळवावा. ज्यास काही विकावयाचे आहे, मग ते शिकवणीवर्ग असोत की विमा, त्यास नम्रपणे नकार द्यावा. कारण तो पालकांची काळजी कमी करण्याऐवजी वाढविण्यातच आपला लाभ पाहतो. प्रवासखर्च न मागता द्यावा, आणि परिचय दोन मिनिटांत आटोपावा.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. एकत्र कुटुंबात मुलाचे पालक केवळ दोघेच नसतात. त्यास जेवू घालणारी आजी, फटाक्यांस पैसे देणारे काका, अभ्यास घेणारी आत्या, ही सारी त्याला घडवीत असतात. सभेस मात्र एकटी आई जाते, आणि तेथे ऐकलेला नवा विचार घरी आणला की ‘आम्ही काय मुले वाढवली नाहीत?’ या प्रश्नापुढे तिला गप्प बसावे लागते. असे झाले म्हणजे उत्तमातला उत्तम वक्ताही वाया जातो. म्हणून निमंत्रणपत्रिकेवर ‘आजी-आजोबांसह’ हे शब्द अवश्य छापावेत. स्वयंपाकाची वेळ टाळून सभा ठेवावी. आणि भाषणाचा सारांश एका पानावर उतरवून घरोघर पोहोचवावा. आजीआजोबांच्या अनुभवासही व्यासपीठावर एखादे वेळी स्थान द्यावे. जुन्या खेळांवर किंवा ऋतुमानाप्रमाणे आहारावर बोलणारी एखादी वृद्ध माता नामांकित वक्त्यापेक्षा अधिक रंगत आणते, शिवाय तिच्याशी वादही घालता येतो.

सभेस किती माणसे आली यावरून तिचे यश मोजू नये. त्या रात्री जेवणाच्या पंगतीत तिचा विषय निघाला की नाही, हे पाहावे. तो निघाला, सासूसुनांचे त्यावर मोकळेपणाने बोलणे झाले, आणि मुलाच्या एखाद्या गोष्टीत घरातील सर्वांचे एकमत झाले, तर पाहुणा योग्य निवडला असे खुशाल समजावे.