विकता न येणाऱ्या बिअरचे संमेलन

घरी बिअर तयार करणाऱ्या हौशी अमेरिकनांचे राष्ट्रीय संमेलन १९७९ पासून भरत आले आहे. ते भरवणारी ‘अमेरिकन होमब्रुअर्स असोसिएशन’ ही संस्था चार्ली पपाझियन आणि चार्ली मॅट्झन यांनी १९७८ मध्ये कोलोरॅडोतील बोल्डर येथे स्थापन केली. पपाझियन यांचे शिक्षण अणुअभियांत्रिकीचे, पुढे पेशा शाळामास्तरचा आणि ख्याती बिअरची. संमेलन बराच काळ दरवर्षी नव्या शहरात, बहुधा जूनमध्ये, गुरुवार ते शनिवार असे तीन दिवस चालत असे. २०१६ च्या बाल्टिमोर संमेलनापासून त्याला ‘होमब्रू कॉन’ म्हणू लागले.

त्याचे स्वरूप समजायचे तर आधी कायदा पाहावा लागतो. अमेरिकेतील दारूबंदी १९३३ मध्ये उठली. घरगुती वाइनला तेव्हा मोकळीक मिळाली, बिअरला मिळाली नाही. ती मिळण्यासाठी पंचेचाळीस वर्षे जावी लागली. ऑक्टोबर १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेला कायदा १ फेब्रुवारी १९७९ पासून लागू झाला. त्यानुसार एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३७८ लिटर, आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलन बिअर करमुक्त बनवता येते. अट एकच, पण कडक: ती विकायची नाही. शिवाय राज्यांचे कायदे वेगळे. मिसिसिपी आणि अलाबामा या राज्यांनी परवानगी दिली ती थेट २०१३ मध्ये. जे विकता येत नाही ते फार तर वाटता येते, आणि एका घरात एका खेपेला साधारण १९ लिटर, म्हणजे पन्नासेक बाटल्या बिअर तयार होते. ती प्यायला माणसे लागतात आणि तिच्यावर खरे बोलायला जाणकार लागतात. हे संमेलन या दोन गरजांवर उभे आहे.

‘घरची दारू’ म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे हातभट्टी येते. इथे तिचा संबंध नाही. हातभट्टीत मद्य उकळून त्याची वाफ गार करतात. अमेरिकेतही हे घरी करणे बेकायदा आहे. बिअर फक्त आंबवतात. तिची पहिली पायरी तर आपल्या स्वयंपाकघरात ओळखीची आहे. नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून तिचे सत्त्व करतात. त्याच रीतीने बार्लीला मोड आणून वाळवले की माल्ट होते. भरडलेले माल्ट सुमारे ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर भिजवले की त्यातल्या पिष्टाची साखर होते. तापमान थोडे कमी ठेवले तर बिअर हलकी आणि कोरडी होते, जास्त ठेवले तर अंगाने भरलेली. हे गोड पाणी हॉप्स या वेलीची फुले घालून तासभर उकळायचे, झटपट गार करायचे आणि यीस्ट टाकायचे. त्यानंतरचे काम यीस्टचे. माणसाने भांडी निर्जंतुक आणि तापमान स्थिर ठेवायचे. ऐकायला सोपे वाटते. पण विरजणाला ज्या अनेक कारणांनी दगा बसतो, त्याहून अधिक कारणे इथे टपलेली असतात.

दिवसा व्याख्याने चालतात. पाण्यातील क्षार, यीस्टची वाढ, आंबट बिअर, विस्मृतीत गेलेले जुने प्रकार, पिंपांची सफाई असे त्यांचे विषय असतात. वक्त्यांत व्यावसायिक असतात, तसेच एकाच प्रश्नावर दहा वर्षे तळघरात प्रयोग केलेले हौशीही. ज्या बिअरवर व्याख्यान तीच अनेकदा श्रोत्यांच्या पेल्यात दिली जाते, त्यामुळे सकाळच्या सत्रांनाही गर्दी असते. बाजूच्या दालनात माल्ट, हॉप्स, यीस्ट आणि उपकरणांचे विक्रेते बसतात. नवख्याची तिथे हमखास जरुरीपेक्षा जास्त खरेदी होते.

संमेलनाचे सर्वांत मोलाचे अंग मात्र स्पर्धा आणि तिच्याभोवतीची चव घेण्याची शिस्त हे आहे. बोल्डरच्या पहिल्या स्पर्धेत ३४ बिअर आल्या होत्या. पुढे प्रवेशिका हजारांत गेल्या. प्राथमिक फेरी आधीच ठिकठिकाणी होते आणि अंतिम फेरीचे परीक्षण संमेलनात. परीक्षकांना प्रमाणपत्रे देणारी स्वतंत्र संस्था १९८५ पासून आहे. तिच्या गुणपत्रिकेत ५० गुण असतात: गंधाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातल्या स्पर्शाला ५ आणि एकूण परिणामाला १०. रूपाला अवघे तीन गुण, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. बाटलीवर नाव नसते. परीक्षक आपापली नोंद आधी लिहितो, मग टेबलावरच्या दुसऱ्याशी बोलतो, म्हणजे एकाच्या मताची छाया दुसऱ्यावर पडत नाही.

दोष ओळखणे हीच इथली खरी विद्या. लोण्याचा वास आला तर डायअसेटिल: यीस्टला काम पुरते करू दिलेले नाही. हिरव्या सफरचंदाचा आला तर अॅसिटाल्डिहाइड: बहुधा बिअर कोवळी आहे. शिजलेल्या मक्याचा आला तर उकळणे किंवा गार करणे नीट झालेले नाही. बाटली उन्हात राहिली तर स्कंक या प्राण्यासारखी दुर्गंधी येते, कारण प्रकाशाने हॉप्समधील घटक फुटतात. म्हणून तर बिअरच्या बाटल्या तपकिरी असतात. हे वास मुद्दाम मिसळलेले नमुने चाखवण्याची सत्रेही घेतली जातात. पुस्तकात हे सारे वाचता येते, पण नाक पुस्तकातून तयार होत नाही. घरी मित्रमंडळी फुकटच्या बिअरला नावे ठेवत नाहीत. नेमका दोष सांगणारा अनोळखी माणूस हा हौशी बिअरवाल्याचा खरा लाभ असतो.

रात्रींचा क्रम बराच काळ ठरलेला राहिला: पहिली व्यावसायिक ब्रुअरींची, दुसरी हौशी बिअरवाल्यांच्या क्लबांची, तिसरी मेजवानी आणि बक्षिसांची. यातली क्लबांची रात्र पाहण्यासारखी. देशभरचे क्लब आपापले मंडप सजवतात, सोंगे घेतात आणि बर्फाच्या पेटीतून नळी फिरवून थंडगार बिअर वाटतात. गणेशोत्सवातल्या मंडळांची चुरस ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. पैसा कोणाकडूनच घेतला जात नाही. पेला लहान, घोट दोन-तीनच. तरी मंडप इतके असतात की पाणी पीत राहणे, पोटभर जेवणे आणि चालत जाता येईल अशा हॉटेलात उतरणे हा शहाणपणा ठरतो.

घरची बिअर घराबाहेर वाटणे कायद्यात बसते का, हा प्रश्नही वरवरचा नाही. ओरेगॉनमध्ये २०१० मध्ये कायद्याचा अर्थ असा लावला गेला की घरची बिअर घराबाहेर नेताच येणार नाही. स्पर्धा थांबल्या. पुढच्या वर्षी कायदा दुरुस्त झाला, म्हणून २०१८ चे संमेलन ओरेगॉनमधीलच पोर्टलंडला भरू शकले.

स्पर्धेच्या अंतिम फेरीत सर्वाधिक गुण मिळवणाऱ्याला ‘निन्कासी’ पुरस्कार देतात. निन्कासी ही सुमेर संस्कृतीतील बिअरची देवता.

या हौसेने मोठा उद्योगही घडवला. ‘सिएरा नेवाडा’ या ब्रुअरीचे केन ग्रॉसमन आधी घरी बिअर करत आणि त्याच्या साहित्याचे दुकान चालवत. १९८२ च्या संमेलनाला जोडून बोल्डरमध्ये एक छोटा महोत्सव भरला, त्यात २४ ब्रुअरींच्या ४७ बिअर होत्या. तोच आजचा ‘ग्रेट अमेरिकन बिअर फेस्टिव्हल’. २०२४ मध्ये संमेलन डेन्व्हरला या महोत्सवाच्या जोडीने भरले. आई लेकीच्या घरी पाहुणी आली.

२१ वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही, अमेरिकेतील मराठी माणसालाही, संमेलनाला जाऊन शिकता येते. तिथली कृती पुण्यामुंबईच्या स्वयंपाकघरात करून पाहण्याचा मोह मात्र टाळावा. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याखाली महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य तयार करणे गुन्हा आहे, मग ते विकायचे असो वा नसो. इथे ताजी बिअर चाखायची तर पुण्यात २००९ मध्ये सुरू झालेल्या ‘डूलाली’सारख्या परवानाधारक मायक्रोब्रुअरीतच जावे लागते.