पहिला फ्लॅट : भाड्याने द्यावा की विकावा?

हंगाम बरा गेला की कापडवाल्याच्या गाठीशी चार पैसे जमतात. लगेच दलाल सांगत येतो, "शेठ, एक फ्लॅट घेऊन ठेवा, वर्षात दहा टक्के सुटतील." मालेगाव-भिवंडीच्या बाजारात हा सल्ला नवा नाही. पण बयाणा देण्यापूर्वी व्यापारी बांधवांनी हिशेबाला बसावे, असे आम्हांस वाटते.

समजा, 40 लाखांचा फ्लॅट घेतला. मुद्रांक शुल्क 6 टक्के धरले तर 2 लाख 40 हजार, नोंदणी फी 30 हजार, दलाली 1 टक्का म्हणजे 40 हजार. वर्षाने तो 44 लाखांना विकला, तर पुन्हा दलालीचे 44 हजार. एकूण खर्च 3 लाख 54 हजार. चार लाखांच्या नफ्यातून हाती राहिले अवघे 46 हजार! त्यावर आयकर वेगळा. 24 महिन्यांच्या आत विकल्यास नफा इतर उत्पन्नात मिळवून कर लागतो. त्यानंतर विकल्यास 23 जुलै 2024 पासून दर 12.5 टक्के आहे.

जकातचा हिशेबही पाहा. विकण्याच्या नियतीने घेतलेले घर म्हणजे तिजारतीचा माल, जसा दुकानातला तागा. वर्ष भरले की बाजारभावावर अडीच टक्के, म्हणजे 44 लाखांवर 1 लाख 10 हजार. भाड्यासाठी घेतलेल्या घराच्या किमतीवर जकात नाही. भाड्यातून शिल्लक राहील त्या रकमेवर आहे. म्हणून नियत खरेदीच्या वेळीच पक्की असावी. शंका असेल तर आलिमांना विचारावे.

भाडे महिना 10 हजार धरले तर वर्षाला 1 लाख 20 हजार, म्हणजे किमतीच्या 3 टक्के. त्यातून सोसायटीचा खर्च आणि महापालिकेचा कर जाईल, एखादा महिना घर रिकामेही राहील. कमाई लहान आहे, पण मालमत्ता शाबूत राहते. आयकरात महापालिकेचा भरलेला कर वजा होतो आणि उरलेल्या भाड्यावर 30 टक्के सूट मिळते.

"भाडेकरू बसला की उठत नाही," ही भीती पागडीच्या काळातली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 हा 31 मार्च 2000 पासून लागू आहे. त्यानुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी व नोंदलेला हवा आणि ही जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरल्या जातात. मुदत संपूनही राहते घर सोडले नाही, तर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते व दुप्पट भाडे मागता येते. दुकानाच्या गाळ्याला मात्र ही सोय नाही. तेथे दिवाणी कोर्टाची पायरी चढावी लागते. त्यामुळे पहिल्या खरेदीला गाळ्यापेक्षा राहता फ्लॅट बरा.

खरा प्रश्न पैसा कोणता, हा आहे. पुढच्या हंगामात सुताची बिले ज्यातून भागवायची, तो पैसा फ्लॅटमध्ये अडकवू नये. वेळेला घर घाईने विकावे लागते आणि गिऱ्हाईक आपली गरज ओळखून भाव पाडते. दोन वर्षे हात लावावा लागणार नाही, असा पैसा असेल तर घर घ्यावे, नोंदलेल्या कराराने भाड्याने द्यावे आणि विक्रीचा विचार 24 महिन्यांनंतर करावा.