ट्रकच्या केबिनमधला खर्ज

मालवणची मासळी, वेंगुर्ल्याचा काजू आणि सड्यांवरचा जांभा चिरा घेऊन जे ट्रक आणि टेम्पो फोंडा, करूळ किंवा आंबोलीचा घाट चढून कोल्हापूर-बेळगावकडे जातात, त्यांच्या केबिनमध्ये गाणे ही रात्रीच्या प्रवासातली सोबत असते, आणि ही सोबत दणकट असावी म्हणून सीटखाली किंवा सीटच्या पाठीमागे जी पेटी बसवली जाते तिला सबवूफर म्हणतात. सबवूफर म्हणजे केवळ खालच्या स्वरांसाठी, साधारणतः सेकंदाला २० ते ८० कंपनांच्या टप्प्यासाठी घडवलेला स्पीकर. सेकंदातल्या एका कंपनाला एक हर्ट्झ म्हणण्याचा प्रघात आहे. बाजारात या स्वरांना बेस हे नाव रूढ झाले असले तरी संगीताच्या परिभाषेतला खर्ज हा शब्द त्यांना अधिक शोभतो. या यंत्राविषयीचा सर्वांत मोठा गैरसमज असा की खर्ज वॉटांनी विकत घेता येतो. प्रत्यक्षात तो कोंडलेल्या हवेतून घडवावा लागतो, आणि हवा कशी कोंडावी हे कोकणातल्या वादकांना लाउडस्पीकर येण्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते.

दशावतारी नाटकात किंवा डबल बारीच्या भजनात साथ करणारा पखवाज हे त्याचे जवळचे उदाहरण आहे. बसण्यापूर्वी वादक डाव्या पुडीला ओल्या कणकेचा गोळा थापतो. त्यामुळे चामड्याचे वजन वाढते, त्याचे कंपन मंदावते आणि उजव्या पुडीच्या टणक स्वराखाली घुमणारा खर्ज उभा राहतो. स्पीकरच्या पडद्याचे वजन वाढवले की त्याचा नैसर्गिक स्वर खाली उतरतो, हे आजच्या सबवूफरमागचे तत्त्व याहून वेगळे नाही. तेरेखोलच्या पलीकडे गोव्यात वाजणारे घुमट तर याहून बोलके आहे. मातीच्या मडक्याच्या एका तोंडावर चामडे आणि दुसरे तोंड उघडे, अशी त्याची रचना असून वादक हाताने ते उघडे तोंड कमीअधिक झाकून आतल्या हवेचा स्वर बदलतो. पूर्वी त्यावर घोरपडीचे कातडे चढवीत. वन्यजीव संरक्षण कायद्याने ते निषिद्ध झाल्यावर बकऱ्याचे कातडे आले आणि २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याच्या वारसा वाद्याचा दर्जा दिला.

कारखान्यातल्या स्पीकरचा इतिहास त्या मानाने अलीकडचा आहे. चुंबकाच्या फटीत तारेची गुंडाळी हलवून कागदी पडदा पुढेमागे करण्याची, आजही टिकून असलेली रचना चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये मांडली. त्यानंतर काही वर्षांतच अल्बर्ट थुरास यांनी पेटीला नळी जोडून आतली हवाही कामाला लावली, तर १९५४ मध्ये एडगर विल्चर यांनी नेमके उलट केले आणि पेटी पूर्ण बंद करून आतल्या हवेचीच स्प्रिंग बनवली. पेटी किती मोठी असावी हे अंदाजाने नव्हे तर गणिताने ठरवण्याची रीत ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी घालून दिली. बंद पेटी की नळीची पेटी, हा ट्रकमालकाला पडणारा प्रश्न म्हणजे विल्चर आणि थुरास यांच्यातली निवडच होय.

या निवडीचे उत्तर ट्रकच्या केबिनमध्ये दडलेले आहे. ४० हर्ट्झच्या ध्वनीची एक लाट सुमारे साडेआठ मीटर लांब असते, तर केबिनची रुंदी जेमतेम दोन मीटर. लाट मावत नाही अशा जागेत ध्वनी लाटेसारखा पसरत नाही, तर पंपाने हवा दाबावी तसा सगळ्या केबिनचा दाब एकाच वेळी वरखाली करतो. दोन मीटरच्या केबिनमध्ये ही अवस्था साधारण ८५ हर्ट्झच्या खाली सुरू होते आणि तिथून स्वर एक सप्तक खाली गेला की त्याची पातळी तत्त्वतः १२ डेसिबलपर्यंत वाढते. उलट बंद पेटीतला सबवूफर त्याच्या नैसर्गिक स्वराखाली दर सप्तकामागे १२ डेसिबलने मंदावतो, म्हणजे पेटी जे गमावते ते केबिन बऱ्याच अंशी भरून काढते. नळीची पेटी आपल्या ठरलेल्या स्वराजवळ मोठा दणका देत असली तरी त्याखाली ती सप्तकाला २४ डेसिबलच्या वेगाने कोसळते, तिथे पडद्याला हवेचा आधार उरत नाही आणि फार खालचे स्वर अडवणारी गाळणी लावली नसेल तर पडदा फाटण्याची वेळ येते. सीटमागच्या अपुऱ्या जागेत, बारा इंची स्पीकरला साधारण ३० ते ४० लिटरची बंद पेटी हीच सरस ठरते, मग दुकानात नळीची पेटी कितीही गरजो.

हा सगळा हिशेब मात्र खिडक्या बंद असल्या तरच जमतो. उघड्या खिडकीतून दाब निसटतो आणि सर्वांत खालचे स्वर सर्वांत आधी जातात. उकाड्यामुळे काचा खाली ठेवून चालणाऱ्या कोकणातल्या ट्रकमध्ये खर्ज बसत नाही यात नवल नाही. दुसरा शत्रू बॉनेटखाली बसलेला असतो. सहा सिलिंडरच्या चार-फटकी डिझेल इंजिनात क्रँकच्या दर फेरीला तीन स्फोट होतात, त्यामुळे मिनिटाला ६०० फेऱ्यांवर उभ्या असलेल्या ट्रकचे इंजिन ३० हर्ट्झचा आणि १५०० फेऱ्यांवर घाट चढणारे इंजिन ७५ हर्ट्झचा स्वर लावून बसते, म्हणजे ते सबवूफरच्याच पट्टीत गाते. कानाला त्या पट्टीतले दुसरे काही वेगळे ओळखता येत नाही, मग आवाज वाढवला जातो, अँप्लिफायर तुटक लाटा सोडू लागतो आणि गुंडाळी जळते. शक्ती दुप्पट केल्याने केवळ ३ डेसिबल मिळतात, कानाला आवाज दुप्पट वाटण्यासाठी सुमारे दसपट शक्ती लागते, आणि स्वर अर्ध्यावर आणून तितकाच मोठा ठेवायचा तर पडद्याला चौपट हालावे लागते. दाराच्या पत्र्याला आतून डांबरी किंवा रबरी लेप देऊन त्याची खडखड थांबवण्यात घातलेले पैसे यापेक्षा जास्त फळ देतात.

पेटीच्या लाकडाबाबत सिंधुदुर्गाचे हवामान निर्दय आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या जिल्ह्यात दाबलेल्या भुशाचा एमडीएफ बोर्ड ओल शोषून फुगतो, सांधे सुटतात, आणि बंद पेटीला एक फट पडली की ती बंद राहत नाही. होड्यांसाठी वापरतात तो मरीन प्लाय महाग असला तरी इथे तोच योग्य. खाऱ्या हवेचा मारा तारांवरही होतो. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त तार वीजप्रवाहाला तांब्यापेक्षा सुमारे दीडपट अडथळा करते आणि टोकाला हिरवट-पांढरी बुरशी धरून आणखी बिघडते. ५०० वॉटच्या अँप्लिफायरला १२ व्होल्टवर ५० अँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो, तेव्हा जाड, शुद्ध तांब्याची तार आणि बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत फ्यूज यांत काटकसर करणे म्हणजे आगीला आमंत्रण होय.

मोठ्या ट्रकच्या बाबतीत आणखी एक अडचण येते. छोटे पिकअप १२ व्होल्टवर चालतात, पण अवजड ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात, तर मोटारींचे अँप्लिफायर १२ व्होल्टचे. सोपा म्हणून बरेचदा केला जाणारा उपाय म्हणजे दोहोंपैकी एकाच बॅटरीवरून वीज घेणे. त्याने ती बॅटरी सतत अर्धपोटी राहते, दुसरी गरजेपेक्षा जास्त भरली जाते आणि काही महिन्यांत दोन्ही बाद होतात. पुरेशा ताकदीचा कन्व्हर्टर बसवणे किंवा मुळातच २४ व्होल्टचा अँप्लिफायर घेणे, हे दोनच मार्ग बरोबर आहेत.

हीच पेटी गणपतीच्या किंवा शिमग्याच्या मिरवणुकीत ट्रकच्या उघड्या हौद्यात ठेवली की केबिनची मदत संपते. मोकळ्यावर अंतर दुप्पट झाले की पातळी ६ डेसिबलने घटते, म्हणून तिथे पेट्यांच्या भिंती उभ्या राहतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे, परंतु ज्या ‘ए’ मापाने ती मोजतात ते ५० हर्ट्झच्या आवाजातून सुमारे ३० डेसिबल वजा करते. छातीत धडकी भरवणारा खर्ज मीटरवर त्यामुळेच सौम्य दिसतो, घराच्या भिंतीला मात्र तो सौम्य वाटत नाही. उघड्या हौद्यातला सबवूफर हा खर्जाचा उपयोग नसून नासाडी आहे.

केबिनच्या बाजूने एक बदल मात्र घडला आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड मालवाहू ट्रकांच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले असून काचा बंद ठेवणे चालकाला शक्य होणार आहे. जुन्या ट्रकच्या मालकाने नवा अँप्लिफायर घेण्याआधी ट्रक उभा करून इंजिन बंद करावे, काचा वर घ्याव्यात, सबवूफरला ८० हर्ट्झच्या वर जाऊ देऊ नये आणि त्याच्यावरची फेजची, म्हणजे पडद्याने आधी पुढे यावे की मागे जावे हे ठरवणारी, कळ एकदा उलट करून ऐकावे. दारातले स्पीकर पुढे ढकलत असताना सबवूफर मागे ओढत असेल तर दोघांचा खर्ज एकमेकांना खाऊन टाकतो, आणि ती कळ फिरवायला पैसे पडत नाहीत.