एसटीचा चालक: गैरसमज आणि वस्तुस्थिती

महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाची बस चालवायला मिळण्याआधी उमेदवाराला तीन उंबरे ओलांडावे लागतात. आरटीओ परवाना देते, महामंडळ नेमणूक देते आणि शेवटी आगार गाडी हातात देते. चावडीवरच्या गप्पांत मात्र या तिन्ही गोष्टींची सरमिसळ होते. ‘हेवी लायसन काढलं की एसटीत लागलाच’ हे ठाम विधान त्यातूनच येते, आणि या नोकरीविषयीचे निम्मेअधिक गैरसमजही.

अठरा वर्षे पूर्ण झाली की कोणतीही गाडी चालवता येते, ही पहिली चूक. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार परिवहन वाहन चालवण्यासाठी वयाची वीस वर्षे पूर्ण असावी लागतात. हलक्या वाहनाचा परवाना किमान वर्षभर हाती असल्याखेरीज परिवहन वाहनाचा शिकाऊ परवानाही मिळत नाही. पुढे मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचे प्रमाणपत्र, डॉक्टरांचा दाखला, प्रत्यक्ष चाचणी आणि प्रवासी वाहनासाठी बॅज. हा परवाना एकदा काढला की जन्माची सोय झाली, असेही नाही. त्याची मुदत पाच वर्षांची असते. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी ती तीनच वर्षांची होती. डॉक्टरांच्या दाखल्यात रंगांधळेपणा आणि रातांधळेपणा यांची नोंद लागते. चष्मा असला म्हणून परवाना नाकारला जात नाही. पण महामंडळाची वैद्यकीय तपासणी वेगळी असते आणि परवान्याचा दाखला तिथे चालत नाही.

‘आता लाइट लायसनवरही कमर्शियल गाडी चालते’ हे नव्याने पसरलेले अर्धसत्य. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये तसा निकाल दिला हे खरे. मात्र ती मुभा एकूण वजन ७,५०० किलोपर्यंतच्या वाहनांपुरती आहे. पूर्ण लांबीच्या एसटी बसचे भारासहित वजन त्याच्या दुपटीहून जास्त भरते.

शिक्षणाबाबतही असेच झाले. परिवहन वाहनाच्या परवान्यासाठीची आठवी उत्तीर्णची अट केंद्राने २०१९ मध्ये काढून टाकली, म्हणून बसचालकाला शिक्षण लागत नाही असा समज झाला. त्याच वर्षीच्या महामंडळाच्या भरतीत मात्र दहावीची अट होती. कारण उघड आहे. पद नुसत्या चालकाचे नव्हते, ‘चालक तथा वाहक’ असे होते. गरज पडली की त्याच माणसाने तिकीट मशीन गळ्यात अडकवायचे, रोकड मोजायची आणि हिशेब जुळवून भरायचा. त्यासाठी वाहकाचा परवानाही वेगळा लागतो.

सर्वांत पक्का बसलेला गैरसमज कौशल्याविषयीचा आहे. ट्रक चालवता येतो त्याला बस येतेच, असे धरून चालतात. एसटीच्या नेहमीच्या बांधणीत चालक पुढच्या चाकांच्याही पुढे बसतो. त्यामुळे कोपऱ्यावर मोटारीच्या सवयीने लवकर स्टिअरिंग वळवले, तर गाडीचे मागचे चाक आतल्या बाजूच्या कठड्यावर चढते. बसचे नाक आधी पुढे काढायचे, स्वतः वळणाच्या पलीकडे गेल्यासारखे वाटू द्यायचे आणि मग चाक फिरवायचे. त्याच वेळी मागच्या चाकांमागचा भाग विरुद्ध बाजूला बाहेर झुलतो. स्थानकाच्या फलाटाला लागलेली गाडी काढताना शेजारच्या गाडीचा आरसा बहुधा त्यातच फुटतो.

घाटात तर समजुतींची खरी परीक्षा होते. उतारावर न्यूट्रल केले की डिझेल वाचते, ही जुनी समजूत अजूनही ऐकू येते. प्रत्यक्षात गाडी गिअरमध्ये असताना आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय काढलेला असताना आजच्या इंजिनांचा इंधनपुरवठा जवळजवळ बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते डिझेल जळतच राहते. म्हणजे बचत नाहीच, उलट इंजिनाचा रोध हातचा जातो आणि सगळा भार ब्रेकवर पडतो. कुंभार्ली किंवा आंबा घाटासारख्या लांब उतारावर ब्रेक सतत दाबून धरला की लायनर तापतात आणि पकड सुटत जाते. इंजिन बंद करून गाडी सोडणे तर त्याहून घातक. ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावरच चालतो; इंजिन थांबले की टाकीतली हवा प्रत्येक दाबाबरोबर कमी होत जाते. ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागतो, त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा साधा नियम नव्या चालकाच्या अंगी बाणवायचा तो याचसाठी. डिझेलचा हिशेब आगारात वेगळ्या रीतीने ठेवला जातो. दर दहा लिटरमागे गाडी किती किलोमीटर गेली याच्या आकड्याला ‘केपीटीएल’ म्हणतात. तो सुधारतो तो लांबून अंदाज घेऊन वेग सोडल्याने, योग्य वेळी गिअर बदलल्याने आणि उगाच ब्रेक न मारल्याने. योगायोग असा, की उभ्या प्रवाशांना धक्के बसत नाहीत तेही याच सवयींनी.

ई-बस आल्यावर हे सगळे संपले, असेही बोलले जाते. एसटीची पहिली ‘शिवाई’ ई-बस १ जून २०२२ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. १ जून १९४८ रोजी पहिली एसटी याच मार्गावर सुटली होती. ई-बसमध्ये क्लच नाही, गिअर बदलणे नाही. मात्र ॲक्सिलरेटर सोडताच मोटर उलट वीज निर्माण करू लागते आणि गाडी आपणहून रोखली जाते. डिझेल गाडीच्या सवयीने पाय झटकन उचलला, की उभे प्रवासी पुढे कोलमडतात. आवाज नसल्याने पादचाऱ्यालाही गाडीची चाहूल लागत नाही.

बस चालवणे हे ताकदीचे, म्हणून पुरुषांचेच काम, हा समज पॉवर स्टिअरिंग आल्यावर तरी टिकायला नको होता. तमिळनाडूच्या सरकारी बसवर महिला चालक १९९३ मध्येच आली. महाराष्ट्रात एसटीने २०१९ मध्ये महिलांची निवड करून प्रशिक्षण सुरू केले, त्यात यवतमाळच्या आदिवासी युवतीही होत्या. प्रवासी घेऊन महिला चालकाची पहिली एसटी मात्र २०२३ मध्ये निघाली. मधल्या चार वर्षांचा दोष स्टिअरिंगच्या जडपणाला देता येणार नाही.

कामाच्या वेळेबद्दल अपेक्षा ठेवताना पुष्कळ उमेदवार कार्यालयीन आठ तास डोळ्यांपुढे ठेवतात. मोटार वाहतूक कामगार कायद्याने १९६१ मध्ये दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. लांब पल्ल्यासाठी ती दहा आणि ५४ पर्यंत सैल केली. पण कामाचे तास आणि घराबाहेरचे तास यांचा मेळ बसत नाही. दोन फेऱ्यांमधला वेळ परक्या स्थानकात काढावा लागतो. मुक्कामी गाडी असेल तर रात्री गावात पोहोचायचे, मिळेल तिथे पाठ टेकायची आणि पहाटेची पहिली फेरी घेऊन निघायचे. सणासुदीला प्रवासी वाढतात तेव्हा रजा मिळणे सर्वांत अवघड.

एसटीचा चालक हा राज्य सरकारचा नोकर, हा समज सुशिक्षितांतही आढळतो. महामंडळ १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याखालील स्वतंत्र संस्था आहे. तिचे वेतन आणि सेवानियम वेगळे आहेत. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू होऊन एप्रिल २०२२ पर्यंत लांबलेला संप शासनातील विलीनीकरणासाठीच होता. त्रिसदस्यीय समितीने ती मागणी अव्यवहार्य ठरवली. संपकाळात, नोव्हेंबर २०२१ मध्ये, दहा वर्षांपर्यंत सेवा झालेल्यांच्या मूळ वेतनात पाच हजारांची वाढ झाली, ज्येष्ठांना त्याहून कमी मिळाली. या असमतोलाची तक्रार सप्टेंबर २०२४ मध्ये सरसकट साडेसहा हजारांच्या सूत्राने मिटवण्याचा प्रयत्न झाला.

अपघाताच्या भरपाईची धास्ती घेऊन काही जण या वाटेला जात नाहीत. कामावर असताना झालेल्या अपघाताची भरपाई न्यायाधिकरणाच्या आदेशाने सर्वसाधारणपणे महामंडळाला द्यावी लागते. फौजदारी जबाबदारी मात्र चालकाची एकट्याची असते. निष्काळजीपणाने मृत्यू ओढवल्यास भारतीय न्याय संहितेत पाच वर्षांपर्यंत कैद आहे, पूर्वीच्या दंड संहितेत ती दोन वर्षांपर्यंत होती. शिवाय खातेनिहाय चौकशी वेगळी चालते.

एसटीच्या रंगाची किंवा बेस्टची बस चालवणारा त्या संस्थेचाच कर्मचारी असतो, हेही आता धरून चालता येत नाही. भाडेतत्त्वावरील गाड्यांचा चालक कंत्राटदाराचा असतो, एसटीच्या ई-बसवरही तसेच आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये महामंडळाने जाहीर केलेली १७,४५० चालक आणि सहायकांची भरतीही तीन वर्षांच्या कंत्राटावरची आहे, किमान वेतन सुमारे तीस हजार रुपये. अर्ज भरताना जाहिरातीवरच्या बोधचिन्हापेक्षा नेमणूकपत्र कोण देणार, भविष्यनिर्वाह निधी कोणाकडे जमा होणार आणि मुदत किती, एवढे आधी पाहून घ्यावे लागते.