बांधावरची पीक पाहणी

जी पिकांची नोंद पिढ्यान्‌पिढ्या तलाठ्याच्या दप्तरात, गाव नमुना बारावर होत आली, ती १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणी या मोबाइल अ‍ॅपने खातेदाराच्याच हाती दिली. आणि रहिमतपूरच्या शिवारात आले व ऊस पिकविणाऱ्या शेतकऱ्यास हातातील लहानशा संगणकाचा परिचय करून घेणे प्राप्त झाले. जिल्हा सातारा, तालुका कोरेगाव, मग गाव, अशी यादीतून बोटाने निवड करीत गेले की खातेदाराचे नाव व गट क्रमांक समोर येतो. क्षेत्र मात्र हेक्टर-आरमध्ये भरावयाचे. १ आर म्हणजे १०० चौरस मीटर, जवळजवळ १ गुंठाच, हे ध्यानी ठेवले की घोटाळा होत नाही. खरी अडचण पिकाच्या छायाचित्राची: फोनचे लोकेशन चालू करून, प्रत्यक्ष पिकात उभे राहूनच ते टिपावे लागते, आणि भर उन्हात पडद्यावरची अक्षरे दिसेनाशी झाली तर फोन आपल्याच सावलीत धरावा. शिकत्या मुलाकडून नोंद उरकून घेण्यापेक्षा वडीलधाऱ्यांनी एकदा तरी ती स्वतःच्या बोटाने करावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. चूक झालीच, तर ४८ तासांच्या आत ती दुरुस्त करता येते.