प्रोसेसर वाट कुणाची पाहतो?

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर गेमिंगचा पीसी असेम्बल करायला गेलं की बोलणं दोन आकड्यांभोवती फिरतं: कोअर किती आणि गिगाहर्ट्झ किती. कॅश किती, हे सहसा कुणी विचारत नाही. बजेट कमी असेल तर खरं तर तेच आधी विचारावं.

गेम सेकंदाला ६० फ्रेमनी चालवायचा तर एका फ्रेमला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर सातहून कमी. शत्रू कुठे सरकला, गोळी लागली की भिंतीत घुसली, हा हिशेब तेवढ्यात उरकून प्रोसेसरने ग्राफिक्स कार्डला काय काढायचं ते सांगायचं असतं. यातलं बरंचसं काम एकामागून एकच होतं. जे काम वाटून देता येत नाही तेच वेगाची मर्यादा ठरवतं, असं जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७मध्ये मांडलं होतं. म्हणून बेताच्या बजेटमध्ये सहा कोअर पुरेत. सोळांचा हव्यास नको.

आता गिगाहर्ट्झ. ४.४ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ४४० कोटी ठोके. पण हवी ती माहिती रॅममधून यायला साधारण ७० ते ८० नॅनोसेकंद लागतात, म्हणजे तीनशेहून जास्त ठोके. फोडणीचं तेल तापल्यावर मोहरी आणायला वाण्याकडे धावावं, तशी गत. तीच माहिती प्रोसेसरच्या पोटातल्या एल-थ्री कॅशमध्ये सापडली तर दहाएक नॅनोसेकंदांत काम भागतं. गेममध्ये पुढे कुठली माहिती लागेल हे खेळणाऱ्याच्या माऊसवर ठरतं. त्यामुळे प्रोसेसरचा अंदाज वारंवार चुकतो आणि मोठी कॅश इथेच कामी येते.

एएमडीचे रायझन ५ ५५०० आणि ५६०० शेजारी ठेवून पाहा. दोन्ही २०२२चे, सहा कोअरचे. ५५००चा मूळ वेग तर किंचित जास्तच, ३.६ विरुद्ध ३.५ गिगाहर्ट्झ. पण कॅश १६ एमबी, ५६००ची ३२. किमतीत फार तफावत नसेल तर ५६०० डोळे झाकून घ्यावा. त्याच वर्षी आलेल्या ५८००एक्सथ्रीडीमध्ये चिपवर कॅशचा आणखी एक थर चढवून ती ९६ एमबी केली. ५८००एक्सपेक्षा त्याचा कमाल वेग कमी, तरी बहुतेक गेममध्ये तोच पुढे! तो खिशाला परवडणारा नाही, हे वेगळं. पण ५६००चा एएम४ मदरबोर्ड सहसा बायोस अपडेट करून त्यालाही चालतो, म्हणजे पुढेमागे जुना बोर्ड तसाच ठेवून सेकंडहँड चिप बसवता येते.

हात फारच आखडता असेल तर इंटेलचा चार कोअरचा आय३-१२१००एफ आहे. व्हॅलोरंटसारख्या गेमला तो कमी पडत नाही. नावातल्या ‘एफ’कडे मात्र लक्ष हवं: त्यात अंगचं ग्राफिक्स नसतं, कार्ड नसेल तर स्क्रीन काळीच. कार्ड नंतर घेणार असाल तर अंगचं ग्राफिक्स असलेला एएमडीचा ५६००जी बरा. ५५००सारखी त्याचीही कॅश १६ एमबीच, पण निदान पीसी सुरू तर होईल.

आणि घरी जुना पीसी असेल तर नवा प्रोसेसर घेण्याआधी गेमचं रिझोल्यूशन उतरवून बघा. फ्रेम भराभर वाढल्या तर अडलंय ते ग्राफिक्स कार्डापाशी, पैसे तिकडे घाला. आकडा जागचा हलला नाही, तर प्रोसेसरकडे संशयाने पाहायला हरकत नाही. पण त्याआधी रॅमची पट्टी एकच आहे का तेही बघा. एकाऐवजी दोन पट्ट्या लावल्या की रॅमकडून माहिती यायची वाट दुप्पट रुंद होते, आणि एवढ्यावरही काही गेमचं अडखळणं कमी होतं.